चकमकीचा मान

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात चकमकीची पिस्तुले मांडलेली आहेत आणि त्यांतले एकही खरे नाही, हे मी प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. चहानंतर सांगितले तर पाहुणा अधिक निराश होतो, असा माझा अनुभव आहे.

ही सगळी पिस्तुले जुन्या नमुन्यांच्या नकला आहेत. काही विकत घेतलेली, बरीचशी मी स्वतः मागच्या पडवीतल्या लेथवर आणि व्हाइसवर घडवलेली. नळ्या भरीव आहेत. तोंडाशी बोटभर खोल छिद्र आहे ते केवळ दिसण्यापुरते. मात्र चकमक अस्सल चालते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या खालच्या लहानशा वाटीत सांडतात. जुन्या काळी या वाटीत चिमूटभर दारू घालत, तिला रंजक म्हणत. रंजक भडकली की तिची ज्योत एका बारीक छिद्रातून नळीत शिरायची आणि मग बार उडायचा. माझ्या पिस्तुलांना ते छिद्रच नाही. ठिणगीपर्यंत सर्व काही आहे. त्यापुढे कायदा सुरू होतो.

खरा बार मी वर्षातून एकदा काढतो. पुण्याजवळच्या एका रायफल क्लबात त्यांच्या परवान्यावरचे चकमकीचे पिस्तूल आहे. तिथे रीतसर नाव नोंदवून, कानांत बोळे घालून, मी काळ्या वर्तुळावर नेम धरतो आणि बहुधा पांढऱ्यावर मारतो. धूर विरेपर्यंत गोळी कुठे गेली हे कळत नाही, आणि तेवढा वेळ प्रत्येक बार मध्यावरच लागलेला असतो. हा आनंद मला पुढे वर्षभर पुरतो.

हा नाद मला कसा लागला, हे सांगणे सोपे आहे. आमच्या घराण्यातला एक पूर्वज कंपनी सरकारच्या पलटणीत होता. महाड-दासगावच्या आमच्या समाजातल्या पुष्कळ घरांत अशी एखादी पलटणीची गोष्ट असते. त्याची चकमकीची बंदूक सरकारची होती, ती सरकारजमा झाली. घरात उरली ती गोष्ट. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि पुढे आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून निवृत्त झालो. हातात कानस असलेल्या माणसाला नुसत्या गोष्टीवर समाधान मानता येत नाही.

माझ्या पत्नीचे, चंपाबाईंचे, या बाबतीत वेगळे मत आहे. "आयुष्यभर पोरांना काम करणारी यंत्रं बनवायला शिकवलंत," त्या म्हणतात, "आणि स्वतः बनवता काय, तर काम न करणारी."

तर गेल्या लोकसभा निवडणुकीच्या वर्षीची ही हकिकत. शिमगा तोंडावर आला होता. एका दुपारी किशोर दारात येऊन उभा राहिला. किशोर माझा जुना विद्यार्थी. औद्योगिक वसाहतीत फिटर आहे, आठवडाभर बिरवाडीत खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला पोलादपूरच्या वरच्या अंगाला माळकोंड नावाच्या आपल्या वाडीवर जातो. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची, पीक राखण्यासाठी परवाना मिळालेली ठासणीची बंदूक आहे, आणि तीही नंतरच्या काळातल्या स्फोटक टोपीची नव्हे, चकमकीची. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा दिवसभर मापे घेत बसलो होतो. तिच्या चकमकीची हुबेहूब नक्कल करून मी एका पिस्तुलावर बसवली आहे, आणि संग्रहातले माझे सर्वांत लाडके पिस्तूल तेच.

"सर, बंदूक गेली," किशोर पायरीवरूनच म्हणाला.

"चोरीला?"

"नाय, पोलीस ठाण्यात. आचारसंहिता लागली ना. सगळ्यांच्या जमा करून घेतल्या. पावती दिलीय, निकाल लागला की परत."

"मग गेली कुठे? सुरक्षित आहे."

"बंदूक सुरक्षित हाय हो, आमचा मान सुरक्षित नाय," तो म्हणाला, आणि धपकन खुर्चीत बसला.

माळकोंडची रीत मला ठाऊक होती, तरी त्याने ती पुन्हा सांगितली. शिमग्याला ग्रामदेवता वाघजाईची पालखी देवळासमोरच्या दगडी चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, बसवतात. भोई दांड्याखाली खांदे देऊन उकिडवे बसतात. खालूबाजावाले सनई-ढोल वाजवत सहाणेभोवती एक फेरा घालतात, आणि त्या एका फेऱ्यात किशोरच्या घरच्या माणसाने बार द्यायचा. बार झाला की पालखी उठते. फेरा संपेपर्यंत ज्या घराला बार देता आला नाही, त्या घराचा मान त्याच क्षणी पुढच्या भावकीकडे जातो. आणि बाराचा मान ज्या घराचा, देवीची पहिली ओटी त्या घराची.

"आई लग्न होऊन आली तवापासून पहिली ओटी भरत्येय," किशोर म्हणाला. "आता ऐंशी झाली तिला. ह्या वर्षी तिनं सदूच्या बायकोच्या मागं उभं ऱ्हायचं? ती काय बोलत नाय, सर. पन दोन दिस झाले, चुलीजवळ बसून नुसती तांदूळ निवडत्येय. निवडलेलेच परत निवडत्येय."

सदू म्हणजे किशोरचा चुलत भाऊ. पोलादपूर ते महाड मिनीडोर रिक्षा चालवतो, गळा मोठा आणि मन वाईट नाही. त्याने गावकीत आधीच सांगून ठेवले होते की बंदूक नसेल तर आपण सुतळी बॉम्ब लावू, गावाची रीत मोडणार नाही. पण मग मानही आपल्याच घराचा, असे त्याचे म्हणणे.

किशोरने काचेच्या कपाटाकडे पाहिले. "सर, त्या पिस्तुलाला आरपार भोक पाडा ना. एका दिवसापुरतं."

"किशोर, भोक एका दिवसापुरते पाडता येत नाही."

तो ओशाळून हसला. मग मी त्याला तेच विचारले जे मी वर्गात प्रत्येक बिघडलेल्या यंत्रापाशी विचारत असे. "बार कशासाठी देतात?"

"पालखी उठावी म्हणून."

"पालखी बाराने उठते, हे कोणी नीट पाहिले आहे?"

"त्यात पाहायचं काय, सर? ठो झालं की उठते!"

"तुझ्याकडे चलचित्र असेल तर दाखव."

त्याच्या फोनमध्ये मागच्या शिमग्याचे होते. आम्ही ते पाहिले. खालूबाजाचा कल्लोळ, लोकांचा जयजयकार, मुंबईहून आलेल्या पोरांच्या शिट्ट्या. त्या सगळ्यांत बार उडाला हे मला आवाजावरून कळलेच नाही, धुरावरून कळले. मी ते पुन्हा लावायला सांगितले, आणि मग गती कमी करून पुन्हा.

"आता थांबव. जरा मागे. इथे."

पडद्यावर किशोर सहाणेच्या कोपऱ्यावर गुडघा टेकून बसला होता, बंदूक आभाळाकडे. घोडा पडला होता. त्याच्या गालापाशी रंजकीची पिवळी ज्योत फुलली होती. नळीच्या तोंडाशी अजून काहीही नव्हते, कारण जुन्या बंदुकीत रंजक भडकणे आणि बार उडणे यांच्यामध्ये एक आवंढा गिळण्याइतकी फट पडते. आणि त्या फटीत, दांड्याखालचे भोई अर्धे उठलेले होते.

किशोरने चित्र दोन बोटांनी मोठे केले. मग म्हणाला, "सर, पुढच्या दांड्याला सदू हाय."

एका उदाहरणावरून नियम मांडू नये, हे मी त्याला पूर्वी शिकवले होते आणि तेव्हाही पुन्हा सांगितले. त्याने गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला, आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनी संध्याकाळपर्यंत जुन्या शिमग्यांची चलचित्रे पाठवून दिली. आम्ही ती जेवणाच्या टेबलावर एकामागून एक पाहिली. चंपाबाई आमच्या मागे उभ्या होत्या.

"कॅरम खेळताना एवढं लक्ष दिलं असतंत," त्या मला म्हणाल्या, "तर एखादा डाव जिंकला असतात." पण त्यांनीही चष्मा लावला. आणि ज्या चित्राने निकाल लावला, ते त्यांनीच प्रथम ओळखले. "अहो, थांबा. ह्या वर्षी बार उडालाच कुठे?"

खरोखरच उडाला नव्हता. रंजक भडकली, विझली, आणि नळी गप्प राहिली. किशोर बंदूक खाली घेऊन गोंधळून तिच्याकडे पाहत होता. आणि त्याच्यामागे पालखी उठून नाचत होती.

"आठवलं," किशोर म्हणाला. "दारू ओली झालेली त्या वर्षी. मी मागनं पुन्हा ठासून बार काढला. कुणाच्या ध्यानातबी नाय आलं."

नुसत्या ज्योतीपुरते माझे लाडके पिस्तूल पुरेसे होते; ते गावात नेण्यापूर्वी मी पोलीस ठाण्यात नेले. सोबत रीतसर अर्ज आणि पिस्तुलाच्या उभ्या छेदाची आकृती जोडली होती. तिथल्या फौजदारांनी आकृती बाजूला ठेवली आणि नळीच्या तोंडात पेनाची रिफील घालून पाहिली. ती बोटभर जाऊन अडली.

"हे उडत नाही?"

"नाही."

"मग बनवलं कशाला?"

"हा प्रश्न मला घरीही विचारला जातो."

ते हसले. वाटीत भुईनळ्यातली चिमूटभर दारू पेटवली तर ती शोभेची दारूच ठरते, असे त्यांचे मत पडले. पण जपून, आणि दुसरे काही नाही, अशी ताकीद देऊन त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

गावकी देवळाच्या सभामंडपात बसली. अध्यक्षस्थानी मोरूतात्या, गावातले सर्वांत वडीलधारे. अंगणवाडीचा टीव्ही आणून खांबाला टेकवला होता. किशोरची आई, चंद्राबाई, बायकांच्या पुढे बसली होती. अंगाने चिपाड, नजर मात्र कोणाला न सोडणारी. तिने मला आल्याआल्या गुळाचा चहा दिला होता आणि "पोराचं काय खरं नाय, तुमीच बघा" एवढेच म्हणाली होती.

सदूने पिस्तूल हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "सर, लय झ्याक बनवलंय. पितळेचं काम तर काय सांगू! पन आवाज कुठंय?"

"आवाज नाही."

"झालं तर मग! मुक्या कोंबड्यानं कधी उजाडलंय?"

"तुझा कोंबडा बोंबलतोय लहानपनापासनं," चंद्राबाई जागेवरूनच म्हणाली. "त्यानं तरी कुठं उजेड पडला रे सदू?"

मंडप हसला. सदूही हसला, पण मागे सरला नाही. "काकी, तुझ्यावर माझा राग नाय. पन रीत ती रीत. बार म्हंजे बार."

मी उठलो. वर्गात शिकवायचो तसेच मी सावकाश बोललो. "रीत मोडायला मी आलेलो नाही. रीत नेमकी काय आहे, एवढेच पाहू." आणि किशोरने पहिले चलचित्र लावले, कमी गतीने.

"तात्या, पुढच्या दांड्याला कोण आहे?"

मोरूतात्या पुढे झुकले. "आमचा सदू."

"नळीच्या तोंडाला धूर आहे?"

"नाय."

"आणि सदू?"

"उठलाय की!" बायकांतून कोणीतरी ओरडले.

सदू टीव्हीजवळ गेला, स्वतःकडे पाहू लागला. "त्या साली माझा गुडघा दुखत होता. जास्त वेळ बसवत नवतं."

पुढचे वर्ष लावले. ज्योत, आणि सदू अर्धा उभा.

"ह्या साली?" मोरूतात्यांनी विचारले.

"गुडघा जुना हाय, तात्या."

तिसऱ्या वर्षी कोणी काही विचारायच्या आतच बायकांनी एकसुरात "गुडघा!" म्हटले, आणि मग काही वेळ गावकीचे कामकाज चालू शकले नाही. सदूची बायको रूपाली सर्वांत जास्त हसत होती.

शेवटी किशोरने न उडालेल्या बाराचे चित्र लावले. ज्योत भडकली. विझली. पालखी उठली. धूर आला नाही, तो आलाच नाही.

मोरूतात्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग त्यांनी डोळे मिटले. "माझा बा दांड्याला असायचा," ते म्हणाले. "तो सांगायचा, पोरा, बंदूकवाल्याच्या गालाकडं बघत ऱ्हा. मी इचारायचो, गालाकडं कशाला? तो म्हनायचा, तितं आई वाघजाई डोळा उघडते. मला वाटायचं, म्हातारा कायतरी बोलतोय." त्यांनी डोळे उघडले. "आवाज आपल्यासाठी असंल. आई उजेडावर उठते."

सदूने डोके खाजवले. "मी खोटं नाय बोलत, मलाबी आता आठवतंय," तो म्हणाला. "खांदा आपोआप उठतो. आवाज मागनं येतो." मग त्याने बोट वर केले. "बरं, उजेड तर उजेड. पन बाकी रीत तीच! एक फेरा. त्यात पेटलं तर किशोरचा मान. नाय पेटलं तर आमचा, आनि मग कोन रडायचं नाय."

"कबूल," चंद्राबाई म्हणाली. किशोरने तिच्याकडे पाहिले. त्याला कबूल म्हणायचा धीर होत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

शिमग्याच्या संध्याकाळी मी आणि चंपाबाई सदूच्याच मिनीडोरने माळकोंडला चढलो. सूर्य डोंगराआड गेला होता, आभाळ अजून उजळ होते. सहाणेजवळ होमाची, म्हणजे होळीची, रास विझत आली होती. मला त्यांनी अगदी सहाणेच्या पायरीशी, किशोरच्या मागे उभे केले. माझ्या पूर्वजाला या चौथऱ्यापासून किती दूर थांबावे लागले असते, ते मला माहीत आहे. तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनाही माहीत असावे. मोरूतात्यांनी काही न बोलता सरकून मला जागा करून दिली. मी बौद्ध आहे, पालखीला हात जोडत नाही. पण चकमक माझी होती, आणि त्या संध्याकाळी निकाल तिचा लागायचा होता.

गुरवाने गाऱ्हाणे घातले. भोई दांड्याखाली बसले, सदू पुढे. सनई चढली, ढोल घुमला आणि खालूबाजाने फेऱ्याला सुरुवात केली. किशोरने गुडघा टेकला, वाटीत दारूची चिमूट घातली, घोडा ओढला, पिस्तूल आभाळाकडे धरले आणि चाप दाबला.

खट्.

ठिणगी नाही. त्याने घोडा पुन्हा ओढला. पुन्हा खट्, आणि पोलादावर एक ओशट रेघ.

बाजा पहिला कोपरा वळला. किशोरने मागे माझ्याकडे पाहिले. मी पिस्तूल हातात घेतले, आणि मावळत्या उजेडात गारगोटी चकाकताना दिसली. गारगोटी अशी चकाकत नाही. अशी चकाकते ती तेलाने.

इथे महाडच्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. एकवीस सालच्या पुरात सावित्रीचे पाणी आमच्या पडवीत शिरले तेव्हा लेथ, व्हाइस, कानशी, सगळे बुडाले. पाणी उतरल्यावर गावभर ज्याच्याकडे जे लोखंड होते ते तांबडे झाले. त्यानंतर महाडात लोखंडाची वस्तू दिसली की माणसाचा हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो. मी त्या सकाळी, काही उणीव राहू नये म्हणून, पिस्तुलाला तेल दिले होते. घोड्याला, चापाला, पट्टीला. आणि शेवटी, पूर्ण समाधानासाठी, गारगोटीलाही. चाळीस वर्षे मी पोरांना शिकवले की कुठे तेल द्यायचे. कुठे द्यायचे नाही, हे मी स्वतःच विसरलो होतो.

"राख!" मी ओरडलो. "होमातली राख आणा, कोरडी!"

बाजा दुसरा कोपरा वळला. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पहिली हलली ती चंद्राबाई. ऐंशी वर्षांची बाई नऊवारीचा काष्टा सावरत होमाकडे धावली, कडेची थंड राख दोन्ही मुठींत घेऊन आली, आणि मी दाखवीन तिथे आपल्याच बोटांनी चोळू लागली. गारगोटीवर, पट्टीवर, जबड्यात. मी वाटीतली तेलकट दारू उडवून दिली. चंपाबाईंनी आपल्या पदराचे टोक माझ्या हातात कोंबले. "पुसा! नवी साडी आहे, तरी पुसा!"

बाजा तिसरा कोपरा वळला. वाजवणाऱ्यांच्याही माना आमच्याकडे वळल्या होत्या, पाय मात्र रीतीप्रमाणे चालत होते. ना हळू, ना जलद.

"अरे किशोर!" दांड्याखालून सदूचा आवाज आला. "लवकर रे बाबा! माझे गुडघे गेले खरंच!"

"तुला मान पायजे का नको?" मागच्या भोयाने विचारले.

"मान गेला खड्ड्यात, पेटव रे!"

किशोरने नवी चिमूट घातली. चंद्राबाईने राखेने पांढरी झालेली मूठ त्याच्या मनगटावर ठेवली, दाबली नाही, नुसती ठेवली. बाजा शेवटच्या बाजूला आला होता. ढोलवाल्याचा खांदा जवळजवळ सहाणेच्या पायरीला लागला होता.

किशोरने चाप ओढला.

ठिणग्यांचा झुपका पडला. वाटीतून फस्सकन पिवळी, उंच, भुईनळ्याची थोडी हिरवट झाक असलेली ज्योत उठली आणि किशोरचा गाल लख्ख उजळला. आवाज म्हणाल तर तेवढाच. पण त्या क्षणी पुढचा दांडा वर गेला. सदू उठला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे किशोरच्या गालावर खिळलेले. मग बाकीचे भोई, मग पालखी, मग सगळी वाडी. जो गलका झाला, त्यात खरी बंदूक उडाली असती तरी कोणाला ऐकू आली नसती.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. चंपाबाई म्हणतात, मी "उत्तम! उत्तम!" असे ओरडत होतो, जसा पूर्वी एखाद्या पोराने कानसून आणलेला जॉब मापात बसला की ओरडत असे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने त्यानंतर खालूबाजाच्या तालावर केलेल्या हालचालींना नाच म्हणावे का, हा प्रश्न मी खुला ठेवतो.

पालखी मनसोक्त नाचली. सदू खांदा बदलून घामाघूम होत माझ्याकडे आला. मी त्याची समजूत कशी घालावी या विचारात होतो, पण त्याची नजर पिस्तुलावरच होती.

"सर," तो म्हणाला, "एकदा मला वढू द्या ना."

मी त्याला ते दिले. ठिणग्या पडल्या. तो लहान मुलासारखा खिदळला, आणि त्याच्यामागे लगेच माणसे उभी राहू लागली: ढोलवाला, गुरव, मुंबईची पोरे, आणि काठी टेकत मोरूतात्या. रूपालीने दोनदा ओढले आणि तिसऱ्यांदा मागितले. माझी गारगोटी त्या संध्याकाळी झिजून वाटाण्याएवढी झाली. काचेच्या कपाटात ती आणखी पन्नास वर्षे तशीच राहिली असती.

मग घरोघर निघालेली पालखी किशोरच्या अंगणात आली, रीतीप्रमाणे सर्वांत आधी. चंद्राबाई ओटीचे ताट घेऊन पुढे झाली. किशोरने तिला हात धुवायला तांब्या दिला होता, पण तिचे लक्षच नव्हते. तिने निवडून निवडून पांढरेशुभ्र केलेले तांदूळ ओंजळीत घेतले, नारळ घेतला, खण घेतला, आणि देवीची ओटी भरली. भरताना तिचा हात देवीच्या हिरव्या साडीवर टेकला. उचलला तेव्हा साडीवर राखेची पाच बोटे उमटली होती.

मागे उभी असलेली रूपाली पुढे वाकली. "काकी, पुसू का गो?"

"ऱ्हाऊ दे," चंद्राबाई म्हणाली. "बघू दे तिलाबी, आज कोन राबलंय."